विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची?

(या भागाचं लेखी रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केलीत.)

आजचा भाग विमानाच्या तिकिटाबद्दल आहे. घाबरू नका, स्वस्त तिकीट कसं मिळवायचं हे सांगणार नाहीये, ते सांगणारे खूप आहेत. मी बोलणार आहे त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. तिकीट निघालं, पैसे कापले गेले, आणि मग मोबाइलवर तो सीटचा नकाशा उघडतो. छोटे छोटे चौकोन. काही राखाडी, काही रंगीत, आणि रंगीत चौकोनावर बोट ठेवलं की खाली किंमत दिसते.

आता आपल्यापैकी बरेच जण काय करतात? एक तर "स्किप" दाबतात, किंवा मग खिडकी घेतात. पण खिडकी दोन बाजूंना असते ना! ए घ्यायची की एफ? तिथे आपण डोळे मिटून एक काहीतरी दाबतो. पैसे दोन्हीकडे तेवढेच. एका बाजूला कदाचित हिमालय असतो, आणि दुसऱ्या बाजूला दोन तास नुसतं धुरकट पांढरं आकाश.

तर आज आपण हे शिकूया की ते बोट कुठे ठेवायचं. पाठांतर काही नाही. शाळेतला भूगोल आणि हातातला फोन, एवढ्यावर भागतं.

आधी अक्षरं. आपल्या देशातल्या प्रवासाला जी नेहमीची जेट विमानं असतात, एअरबस ए ३२० किंवा बोइंग ७३७, त्यांत एका ओळीत सहा सीटा. एबीसी, मग मधली वाट, मग डीईएफ. तुम्ही सीटवर बसलात, तोंड पायलटच्या दिशेला, की ए तुमच्या डाव्या हाताला आणि एफ उजव्या हाताला. परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानात ए डावीकडेच असतं, उजवीकडचं शेवटचं अक्षर वेगळं असतं, बऱ्याचदा के. नकाशात बघून घ्यायचं.

आता खरी युक्ती. फोनवर मॅप उघडा. जिथून निघणार ते गाव आणि जिथे जाणार ते गाव, दोन्ही एका स्क्रीनवर आणा. आता दोन बोटांनी मॅप फिरवा, असा की जिथे जायचंय ते गाव वरच्या बाजूला आणि निघायचं गाव बरोबर त्याच्या खाली येईल. झालं. मधे एक सरळ उभी रेष आहे असं समजा. रेषेच्या डावीकडे जे काही दिसतंय ते ए वाल्यांचं, उजवीकडचं एफ वाल्यांचं. उत्तर कुठे, पूर्व कुठे, डोकं खाजवायची गरजच नाही.

विमान अगदी त्या रेषेवरूनच जातं असं नसतं हं. आकाशातही ठरलेले रस्ते असतात, शिवाय हवामान आणि गर्दीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून दुसरी पायरी: विमानांचा माग दाखवणारी ॲप्स असतात, त्यात तुमच्या विमानाचा नंबर टाकून काल-परवा ते कुठून गेलं ते बघायचं. चार दिवसांचे माग बघितले की अंदाज पक्का होतो.

आता एक उदाहरण, म्हणजे हे डोक्यात बसेल. आपलं लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं, उल्का आदळून झालेलं सरोवर. बेसॉल्टच्या काळ्या खडकात पडलेला, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला होतं, आठवतंय? त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला.

मॅपवर मुंबई ते नागपूर रेष काढा. लोणार कुठे येतं? रेषेच्या दक्षिणेला, तीस-पस्तीस किलोमीटरवर. म्हणजे नागपूरला जाताना उजवीकडे. एफ.

आता पुणे ते नागपूर रेष काढा. तेच लोणार, पण आता ते रेषेच्या उत्तरेला जातं, जेमतेम दहा-बारा किलोमीटर. म्हणजे डावीकडे. ए!

कळलं का? तळं जागचं हललेलं नाही. नागपूरही तिथेच आहे. फक्त निघायचं गाव बदललं आणि बाजू बदलली. म्हणून कुणी म्हणालं की "नागपूरला जाताना उजवीकडे बस," तर आधी विचारायचं, कुठून? आणि येताना तर सगळं उलटतंच. जाताना ए असेल तर येताना एफ. लोक जाताना बरोबर बसतात आणि येताना त्याच अक्षराला चिकटतात. असं करू नका.

या लोणारवरून एक सांगते. माझ्या आईचं माहेर मेहकरच्या बाजूचं. लहानपणी ती सगळ्या भावंडांबरोबर कमळजा देवीला लोणारला जायची. आता माहेरी कुणी राहत नाही. वाडा विकला, मामा नागपूरला गेले, गावाकडे जायचं काही निमित्तच उरलं नाही. गेल्या वर्षी मामेभावाचं लग्न निघालं नागपूरला. आईच्या गुडघ्यांना आता पुण्याहून रात्रभराचा प्रवास झेपत नाही, म्हणून आम्ही विमानाचं तिकीट काढलं. तिचा पहिला विमानप्रवास.

सीट निवडताना माझा भाऊ म्हणाला, "आईला वाटेकडची घे, उठबस करायला बरं." त्याचं चूक नव्हतं. पण मी म्हटलं, आपण तिला विचारूया तरी. फोन लावला. ती म्हणाली, "खिडकी मिळंल का गं? मिळत असंल तर बघ. नसंल तर ऱ्हाऊ दे, उगं पैसे नको घालवू."

मग मी मॅप काढला, रेष बघितली आणि ए सीट घेतली. तीन-चारशे रुपये जास्त पडले असतील. नोव्हेंबरची सकाळ होती. पुण्याहून लोणार जवळजवळ बरोबर अर्ध्या वाटेवर येतं, त्यामुळे निघाल्यापासून अर्धा तास झाला की बघायला लागायचं, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. ती तर चाकं उचलल्यापासूनच काचेला नाक लावून बसली होती. आणि मग ते आलं. गोल, हिरवट, भोवती झाडांची गडद कड.

आई म्हणाली, "एवढंसं? वाटीएवढं?" मग जरा वेळाने, "अगं, खाली उतरून वर येताना घाम फुटायचा आम्हाला." मग तिने काचेवर बोट ठेवलं आणि तळ्याच्या पलीकडे मेहकरचा रस्ता शोधायला लागली. सापडला की नाही माहीत नाही. विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर जातं, दीड-दोन मिनिटांत सगळं मागे पडलं. लग्नघरात मात्र तिने भेटेल त्याला हेच सांगितलं. जेवण कसं होतं, नवरी कशी होती, ते नंतर.

मी हे का सांगतेय? आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले विमानात बसणारे आहेत. आणि आता आईबाबांची, आजीआजोबांची तिकिटंही आपणच काढतो. ॲप आपल्या फोनमध्ये, ओटीपी आपल्याला येतो, सीटचा नकाशा आपल्यासमोर उघडतो. त्यांना तो नकाशा दिसतच नाही. त्यांनी कुठे बसायचं हे आपण ठरवून मोकळे होतो. तर त्यांना विचारा. काहींना खरंच वाटेकडची सीट हवी असते, काहींना उंचीची भीती वाटते, तेही ठीक. पण खिडकी हवी असेल, तर त्यांच्या ओळखीचं गाव, नदी, धरण कुठल्या बाजूला येतंय ते पाच मिनिटं काढून बघा. आयुष्यभर ज्या शेतात, ज्या रस्त्यावर माणूस चाललंय, ते वरून एकदा बघायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

बरं, पुढे जाऊया. हिमालय.

हा नियम सगळ्यात सोपा. हिमालय भारताच्या उत्तरेला पूर्व-पश्चिम पसरलाय. तुम्ही दिल्लीहून पूर्वेकडे निघालात, म्हणजे बागडोगरा, गुवाहाटी, काठमांडू, भूतानमधलं पारो, तर उत्तर तुमच्या डाव्या हाताला. ए घ्या. परत दिल्लीला येताना उजवीकडे, एफ. हवा स्वच्छ असेल तर एव्हरेस्ट, कांचनजुंगा बसल्या जागेवरून दिसतात. "इतक्या लांबून?" असं वाटेल. विमान साधारण ३५,००० फुटांवर असतं, तिथून क्षितिजच साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे असतं. आणि कांचनजुंगा ८,५८६ मीटर उंच आहे, म्हणजे ते क्षितिजाच्याही पलीकडून डोकं वर काढू शकतं. ढगांच्या वर एक पांढरी रांग दिसते, आधी वाटतं ढगच आहेत. पण ढगांचे आकार बदलत राहतात, आणि ही रांग दहा मिनिटांनी बघितली तरी तशीच असते. ती हलत नाही म्हटल्यावर समजायचं, हा हिमालय.

दिल्लीहून लेहला मात्र विमान जवळजवळ सरळ उत्तरेला, डोंगरांच्या वरूनच जातं. तिथे दोन्ही बाजूंना बर्फ आहे. मग बाजू कशी ठरवायची? सूर्यावरून. हा आपला पुढचा नियम.

सूर्य ज्या बाजूला, त्या बाजूला काचेवर चकाकी येते, हवेतली धूळ उजळते आणि समोरचं सगळं फिकट दिसतं. सूर्याच्या उलट बाजूला बसलं की ऊन तुमच्या पाठीमागून पडतं, समोरचे डोंगर उजळलेले, रंग खरे, फोटोही चांगले. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, कारण दुपारनंतर तिथल्या दरीत वारे वाढतात आणि तापलेली विरळ हवा विमानाला पेलायला अवघड जाते. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरपेक्षा उंचावर आहे. तर सकाळी, उत्तरेकडे जाताना, सूर्य पूर्वेला म्हणजे उजवीकडे. म्हणून डावीकडची खिडकी जास्त सुखाची.

हेच आपल्या मुंबई-गोव्याला लावा. विमान दक्षिणेला जातंय. उजवीकडे कोकणची किनारपट्टी आणि समुद्र, डावीकडे सह्याद्री. दोन्ही बघण्यासारखं! मग सकाळचं विमान असेल तर सूर्य डावीकडे, म्हणून उजवीकडे बसा. किनारा छान उजळलेला असतो. बाणकोटची, दाभोळची, जयगडची खाडी, एकेक मोजत जाता येते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोडंसं अंतर धावून लगेच समुद्राला मिळतात. वरून ते एका नजरेत दिसतं.

आणि संध्याकाळच्या आधीचं विमान असेल, सूर्य पश्चिमेला, तर डावीकडे बसा. उतरत्या उन्हात सह्याद्रीचे कडे उठून दिसतात. एकावर एक लाव्हाचे थर, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. आणि डोंगरांच्या मागे कोयनेचं पाणी, लांबच लांब, दक्षिणोत्तर. शिवसागर जलाशय. कोयना आधी डोंगराला समांतर दक्षिणेकडे जाते, मग हेळवाकला काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. इकडचा थेंब दोन-तीन दिवसांत अरबी समुद्रात, आणि डोंगराच्या पलीकडे पडलेला थेंब आंध्रातून बंगालच्या उपसागरात. शाळेत आपण "जलविभाजक" हा शब्द पाठ केला होता ना? तो हाच डोंगर.

उन्हाच्या बाजूला बसण्यात सगळं नुकसानच आहे असंही नाही. तुम्हाला पाणी बघायचं असेल तर मुद्दाम सूर्याकडे बसा. योग्य कोनात आलं की प्रत्येक तळं, प्रत्येक ओढा क्षणभर चांदीसारखा चमकून जातो. मराठवाड्यात, विदर्भात किती शेततळी आहेत ते तेव्हा कळतं.

आणि सूर्याच्या उलट बाजूला अजून एक गंमत आहे. खाली ढगांचा थर असेल तर त्यावर आपल्या विमानाची छोटीशी सावली शोधा. त्या सावलीभोवती रंगीत गोल कडं दिसतं. ट्रेकिंग करणाऱ्यांना हे माहीत असेल, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून धुक्यात दिसतं ते इंद्रवज्र! तीच गोष्ट. गडावर त्यासाठी नशीब लागतं, विमानात बऱ्याचदा दिसतं. फक्त सूर्य दुसऱ्या बाजूला हवा.

सूर्यास्ताचं वेगळं गणित आहे. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी दीड हजार किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने पूर्वेकडे फिरत असतो. तुम्ही विमानाने ताशी आठशेच्या वेगाने पश्चिमेकडे निघालात, तर जवळजवळ निम्मा वेग तुम्ही कापून टाकलात. म्हणजे सूर्यास्त साधारण दुप्पट वेळ चालतो. नागपूरहून मुंबईला संध्याकाळी येताना हे मिळतं. नागपुरात तसाही सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी मावळतो, तुम्ही त्याचा पाठलाग करत येता.

बाजू कुठली? नागपूर-मुंबई रेष पश्चिमेकडे, पण थोडी दक्षिणेला झुकलेली आहे. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला सरकून मावळतो, म्हणून उजवीकडे मस्त दिसतो. मार्चमध्ये, सप्टेंबरमध्येही उजवीकडेच, पण जरा पुढे. डिसेंबरात मात्र तो इतका दक्षिणेला गेलेला असतो की बरोबर विमानाच्या नाकासमोर मावळतो. तेव्हा खरा सूर्यास्त फक्त पायलट बघतात, आपल्या वाट्याला आकाशाचा रंग!

आता विमान चढताना आणि उतरताना. जमीन सगळ्यात जवळून तेव्हाच दिसते, आणि इथे बाजू ठरवतो वारा. विमानं वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतात आणि उतरतात. मुंबईत वारा जास्त करून समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. त्यामुळे मुंबईची मुख्य धावपट्टी बहुतेक वेळा "२७" म्हणून वापरली जाते. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजे पश्चिम. धावपट्ट्यांचे नंबर दिशेवरून असतात, शेवटचं शून्य गाळायचं. तीच पट्टी उलट बाजूने ०९.

म्हणजे मुंबईत उतरताना विमान पूर्वेकडून, ठाणे खाडीवरून येतं. डावीकडे बसलात तर वाशीचा पूल. उजवीकडे बसलात तर पवई तलाव, त्याच्यामागे विहार, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हिरवी झूल. एवढ्या शहराच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे, हे वरून बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

आणि मुंबईहून उडताना पश्चिमेला, थेट समुद्रावर. डावीकडे वांद्रे-वरळी सी लिंक आणि दक्षिण मुंबईचं टोक, उजवीकडे वर्सोवा, मढ. विमानतळाच्या अगदी जवळ जुहूची जुनी छोटी धावपट्टी आहे, ती सापडते का बघा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जिथे उतरले, ती ही जागा.

वळणाचा नियमही लक्षात ठेवा. विमान डावीकडे वळलं की डावा पंख खाली जातो आणि डावीकडच्यांना जमीन दिसते, उजवीकडच्यांना फक्त आकाश. मुंबईहून समुद्रावर निघालेलं विमान दक्षिणेला जाणार असेल तर डावीकडे वळतं, दिल्लीला जाणार असेल तर उजवीकडे. म्हणजे दिल्लीवाल्यांना एफ.

आता सीट नक्की कुठल्या ओळीत घ्यायची. ए ३२० किंवा ७३७ मध्ये साधारण दहाव्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत खाली बघितलं की पंख. फोटोत पंखाचं टोक छान दिसतं, पण गाव दिसत नाही. पंखाच्या पुढे मिळाली तर उत्तम. मागे असेल तर इंजिनाच्या गरम हवेमुळे काही भाग पाण्यातून बघितल्यासारखा थरथरतो, पण चालतं, आणि मागच्या सीटा बऱ्याचदा स्वस्त असतात. एक सापळा असतो: काही ओळींत खिडकीच्या जागी कोरी भिंत येते. ७३७ मध्ये एसीची नळी भिंतीतून वर जाते, तिथे खिडकीच नसते. पैसे देऊन भिंत बघत बसायचं नसेल तर विमानाच्या प्रकाराचा सीट नकाशा आधी बघा.

लहान शहरांना जाणारी पंख्यांची विमानं असतात, एटीआर. त्यांचे पंख छताच्या पातळीला असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. शिवाय ती जेटपेक्षा कमी उंचीवरून जातात. एटीआरचं तिकीट आलं की लोक नाक मुरडतात. मी खूश होते.

फोनसाठी एक टीप. निघण्याआधी वाटेचा मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. फ्लाइट मोडमध्ये फोन सिग्नल पाठवत नाही, पण बहुतेक फोनांचं जीपीएस उपग्रहाचे सिग्नल घेत राहतं. फोन खिडकीला टेकवून धरा, थोडा वेळ द्या, निळा ठिपका येतो. मग खाली दिसणारी नदी गोदावरी आहे की पूर्णा, हे लगेच कळतं. हा खेळ एकदा लागला की सिनेमा बघावासा वाटत नाही.

आणि नियम. पुणे, लेह, गोव्यातलं दाबोळी ही संरक्षण दलांची विमानतळं आहेत, आपण तिथे पाहुणे. तिथे फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात डीजीसीएने अशा ठिकाणी, विशेषतः पश्चिम सीमेजवळ, विमान १०,००० फुटांच्या खाली असताना खिडकीची झापडं बंद ठेवायला सांगितलं होतं. क्रूने सांगितलं की निमूट झापड खाली करायचं, वाद नाही. वर गेल्यावर उघडायचंय की.

शेवटी, पैसे कधी घालवू नयेत? जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रावरून जाताना बहुतेक ढगच दिसतात. एप्रिल-मेमध्ये धुरळा असतो. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत खाली धुक्याची गोधडी असते, तरी हिमालय तिच्यावर डोकं काढतो. सगळ्यात स्वच्छ हवा पावसाळा संपल्या संपल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि तुम्ही बसल्या बसल्या झोपणाऱ्यांपैकी असाल तर कृपा करून खिडकी दुसऱ्याला द्या! फुकटात हवी असेल तर वेब चेक-इन उघडल्या उघडल्या बघा, नाहीतर काउंटरवर हसून विचारा, "डावीकडची खिडकी आहे का?" बाजू सांगून विचारणारा क्वचितच येतो, त्यामुळे लोक शोधून देतात असा माझा अनुभव आहे.

आता तुमचा गृहपाठ. पुढचं तिकीट असो वा नसो, मॅपवर कुठल्याही दोन गावांमध्ये रेष काढा. तिच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास किलोमीटरमध्ये काय काय येतं ते लिहा. धरणं, नद्यांचे संगम, किल्ले, तुमच्या आजोळचं गाव. मग ठरवा, ए की एफ. आणि का ते मला कळवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर रामराम!